थंडीने दिलेले गाव

वडिलांची बदली रत्नागिरीहून निफाडला झाली, तेव्हा या गावाविषयी मला एवढेच ठाऊक होते, की न्यायमूर्ती रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी येथे जन्मले. त्यांचे बालपण मात्र कोल्हापुरात गेले. "तेही इथे राहिले नाहीत, मग मी का राहू?" असे मी आईला ऐकवीत असे.

पहिल्याच डिसेंबरात पारा पाच अंशांखाली उतरला. समुद्राकाठी वाढलेली मी. दोन गोधड्यांतही माझे दात वाजत. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "पोरी, या थंडीवरच आमचा गहू पोसतो." पण त्याच रात्री काका काळजीच्या चेहऱ्याने द्राक्षबागेकडे निघाले. गारठा फार वाढला की भरत आलेले मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत वाया जाते. आम्हीही मागोमाग गेलो. पहाटेपर्यंत ओळीओळींतून शेकोट्या पेटवीत, धुराने झोंबणारे डोळे पुशीत हिंडलो. मला थंडी वाजल्याचे आठवत नाही.

हल्ली सुट्टीत रत्नागिरीला गेले, की समुद्राची गाज ऐकत पहाटे जाग येते आणि मनात पहिला प्रश्न येतो : निफाडला आज पारा किती उतरला असेल?