माळ ठेवू की काढू?



गेल्या कार्तिकी एकादशीला नात घरी आली होती. ती प्राणिशास्त्रात संशोधन करते. आठवण मेंदूत कशी साठते, हे उंदरांवर पाहते, आणि शेवटी उंदीर मारावा लागतो. तिने विचारले, "आबा, गळ्यात माळ ठेवू की काढून देवापुढे ठेवू?"

नाथमहाराजांनी रामेश्वरी नेत असलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा मी जन्मभर कीर्तनात सांगितली. लोकांचे डोळे पाणावत. त्या कथेत उंदराला जागा आहे का, हे कधी पाहिले नव्हते.

आधी वाटले, 'काढ' म्हणावे. मग कपाशीच्या वावरात नाग चावलेला माझा थोरला आठवला. धुळ्याला सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळाले म्हणून वाचला. ते घोड्याच्या रक्तातले. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून घेतात. त्या दिवशी मी घोड्याची विचारपूस केली नाही. बाप होतो.

मी म्हणालो, "घोडा तरी जगतो, माणूसही वाचतो. तुझ्या उंदराने कोण वाचणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खोटे बोलली नाही, हे आवडले. मग सांगू लागली. १८९० साली बर्लिनला बेरिंग आणि कितासातो हे दोघे सशांवर धनुर्वाताचा अभ्यास करत होते. एका प्राण्याच्या रक्तातला बचाव दुसऱ्याला देता येतो, हे त्यांना कळले. त्याच वाटेने चार-पाच वर्षांत फ्रान्समध्ये काल्मेतने सर्पविषावर उतारा काढला. सशांपाशी बसलेल्यांच्या मनात खान्देशातला शेतकरी नव्हता.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही नव्या ज्ञानासाठी प्रयोगाला मोकळीक दिली आहे. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, असेही त्यात आहे. लहान प्राण्याचा जीव लहान असतो, हे कायद्याला कुणी सांगितले कोण जाणे!

मला हाफकिनसाहेबांचे पटते. प्लेगची लस त्यांनी आधी प्राण्यांना टोचली खरी, पण १८९७ च्या जानेवारीत मुंबईत स्वतःचा दंडही पुढे केला. मेंदू चिरायचा तर तसे करता येत नाही.

शेवटी म्हणालो, माळ काढू नकोस. माळ गेली की हात मोकळा होतो, आणि मोकळा हात पाच उंदरांत भागते तिथे दहा घेतो.

माझे जुने टाळकरी यावर रुसले आहेत. जीव घेणाऱ्याच्या गळ्यात तुळस शोभत नाही, म्हणतात. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. यंदा नात मुक्ताईच्या पालखीबरोबर चार दिवस चालणार आहे. तेही असतील. बोलतील वाटेत.