पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा भावाने आणि मी ठरवलं, दोघांना एकदा परदेशातला समुद्र दाखवायचा. बाबा एसटीत मेकॅनिक होते. सुट्टी मिळालीच तर कोल्हापूर, नाहीतर गाणगापूर. मॉरिशस निवडलं कारण भारतीयांना तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि मुंबईहून थेट विमान आहे. साडेसहा तासांपेक्षा लांबचा प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपला नसता. पुण्यातल्या एका सहल कंपनीने जुलैची तारीख दिली आणि पूर्व किनाऱ्यावर, बेल मारजवळ, हॉटेल ठरवून दिलं. समुद्र दिसेल अशा खोल्या, ज्येष्ठांसाठी तळमजला, शाकाहारी जेवण. तिन्ही गोष्टी व्हाउचरवर छापलेल्या होत्या.

खोल्या मिळाल्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. पडदा सरकवला तर समोर हॉटेलच्या लॉन्ड्रीची मागची भिंत आणि तिच्यात बसवलेले, दिवसभर घरघरणारे पंखे. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, तुमच्या कंपनीने याच खोल्या घेतल्यात, समुद्राकडच्या हव्या असतील तर दर रात्रीचे वेगळे पैसे पडतील. भाऊ तिथेच वाद घालायला लागला. तेव्हा बाबा म्हणाले, "जाऊ दे रे. आम्हाला काय, चालतंय." मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य. घरात नवा फ्रीज घेताना, माझ्या लग्नात, आजारपणात, कायम त्यांना सगळं चालत आलंय. या वेळी तरी तसं म्हणायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी आम्ही पैसे साठवले होते.

खोलीला ओलसर वास होता. गरम पाणी संध्याकाळी संपायचं आणि सकाळी उशिरा यायचं. एरवी याची मी तक्रार केली नसती, पण जुलैत तिकडे हिवाळा असतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आपला पावसाळा तो त्यांचा थंडीचा मोसम. शिवाय त्या महिन्यांत आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि ते आधी धडकतात पूर्व किनाऱ्यावरच. समुद्रात प्रवाळाचा बांध असल्यामुळे मोठ्या लाटा किनाऱ्यापर्यंत येत नाहीत, तरी आतलं पाणी वाऱ्याने सतत खवळलेलं. वाळू उडून डोळ्यांत जायची. आई शाल गुंडाळून सुरूच्या झाडाखाली बसायची आणि थोड्या वेळाने, "चला, आत जाऊ," म्हणायची. पोहण्याचा तलावही दुरुस्तीसाठी बंद होता. तो बंद असणार हे आम्हाला आधी कुणी कळवलं नव्हतं.

बेल मारच्या किनाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पांढरी वाळू, मागे सुरूचं बन, स्वच्छ पाणी. योग्य दिवसांत तो फार सुंदर असणार.

जेवणाचं मात्र मी विसरू शकत नाही. डाळीच्या भांड्यातला डाव शेजारच्या कोंबडीच्या भांड्यात जाताना आईने पाहिला आणि त्यानंतर तिने तिथलं शिजवलेलं काही घेतलं नाही. ब्रेड, केळी, अननस. तिन्ही वेळचे पैसे आम्ही आधीच भरलेले होते. आचाऱ्याला वेगळा डाव ठेवायला सांगितलं, त्याने ठेवला, पण रात्री पाहिलं तर पुन्हा तेच.

खोल्या आवरायला एक बाई यायच्या. आईचं कपाळ आणि मंगळसूत्र बघून त्यांनी विचारलं, तुम्ही मराठी का? त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अशी पुष्कळ कुटुंबं तिकडे गेली, आणि आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. बाईंना मराठी थोडंच येत होतं, आरत्या मात्र पाठ होत्या. त्यांनीच सांगितलं की या महिन्यांत इकडे वारा असतोच, इथल्या कुणालाही विचारा. तुम्ही पश्चिमेला जायला हवं होतं. बेटाच्या मधल्या पठारामुळे आणि डोंगरांमुळे तिकडे वारा अडतो. मनात आलं, जी गोष्ट तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती, ती आमच्याकडून पैसे घेणाऱ्यांना ठाऊक नसेल?

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही टॅक्सी करून फ्लिक-आँ-फ्लाकला गेलो. बेट आडवं पार करायचं, दोन्ही बाजूंना ऊस. तिकडे पाणी शांत होतं. बाबांनी पँट दुमडली आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले, मग आईलाही हात धरून आत नेलं. रस्त्यावरच्या गाडीवर ढोल पुरी खाल्ली. वाटाण्याची पिवळी डाळ वाटून भरलेली, गोड नसलेली पुरणपोळीच म्हणा, वर घेवड्याची भाजी आणि मिरचीची चटणी. आईने दोनदा मागून घेतली. सूर्यास्तही तिथेच पाहिला. पूर्व किनाऱ्यावरून सूर्य समुद्रात बुडताना दिसणं शक्यच नव्हतं. त्या सहलीतला तेवढाच दिवस दोघं आजही आठवून बोलतात. त्यासाठी हॉटेलला भरलेल्या पैशांतला एक रुपयाही उपयोगी पडला नव्हता.

हॉटेलच्या मॅनेजरने नम्रपणे ऐकून घेतलं आणि कंपनीशी बोलायला सांगितलं. कंपनी म्हणाली, हॉटेलशी बोला. परत आल्यावर लेखी तक्रार केली तेव्हा पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली. ती आम्ही घेतली नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना दोन मजले चढायला लावून वर पुढच्या सहलीचं आमिष दाखवणं मला अपमानास्पद वाटलं.

बाबांचा विरोध होता, तरी आम्ही ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाता येतं. हॉटेल परदेशात असलं तरी पैसे घेणारी कंपनी इथलीच असते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आमच्याजवळ व्हाउचर, खिडकीतून काढलेले फोटो आणि कंपनीचे मेल आहेत. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणी असं फसवलं असेल, तर "जाऊ दे" म्हणू नका. कागद जपून ठेवा आणि तक्रार करा.