साठवणुकीचा अर्थसंकल्प

सर्व्हरवरील डिस्कची मांडणी हा तंत्रज्ञांचा प्रांत, असे समजून आपण अधिकारी मंडळी त्या टिपणीवर स्वाक्षरी करून मोकळे होतो. माझे मत थोडे वेगळे आहे. मर्यादित साधनांची वाटणी हा अर्थशास्त्राचा मूळ विषय, आणि डिस्कवरील जागा हेही मर्यादित साधनच आहे.

मी काम केलेल्या एका कार्यालयात सेवापुस्तकांची स्कॅन केलेली पाने, डेटाबेस आणि प्रणालीचे लॉग एकाच मोठ्या फाइल सिस्टीममध्ये नांदत होते. जोडून आलेल्या सुट्ट्यांत एका बिघडलेल्या प्रोग्रामने लॉग लिहून लिहून सारी जागा व्यापली. सोमवारी डेटाबेसला लिहायला जागाच उरली नव्हती. कागद हरवले नाहीत. पण त्या आठवड्यात निवृत्तिवेतनाचे एकही प्रकरण पुढे सरकले नाही. निवृत्त माणसाच्या घरी त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

अर्थसंकल्पात निरनिराळी लेखाशीर्षे असतात ती याचसाठी. एका शीर्षाखालील उधळपट्टीने दुसऱ्याच्या ताटातले जाऊ नये. पुनर्विनियोजन करता येते, पण त्यासाठी कोणाची तरी मंजुरी लागते. लॉग, डेटाबेस आणि स्कॅन यांना स्वतंत्र विभाग देणे म्हणजे तीच शिस्त.

पुढे नव्या सर्व्हरची टिपणी आली, तेव्हा मी तीन प्रश्न विचारले.

पहिला, हाती येणारी जागा किती? ८ टेराबाइटच्या १२ डिस्क म्हणजे कागदावर ९६ टेराबाइट. रेड ६ मांडणीत दोन डिस्कइतकी जागा सुरक्षिततेसाठी खर्ची पडते, उरतात ८०. संगणक १०२४ च्या पटीत मोजत असेल, तर पडद्यावर सुमारे ७३ च दिसतात. रेड ५ मध्ये एक डिस्क वाचते खरी. पण एवढ्या मोठ्या डिस्कची पुनर्बांधणी बराच काळ चालते, आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सारेच गेले.

दुसरा, कोणता निर्णय मागाहून फिरवता येणार नाही? एक्सएफएस फाइल सिस्टीम वाढवता येते, लहान करणे व्यवहारात जमत नाही. ईएक्सटी४ मध्ये किती जागेमागे किती फाइली, हे प्रमाण आरंभीच ठरते. बारीक फाइलींनी ती संख्या संपली, की जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असा संदेश येतो. म्हणून पहिल्याच दिवशी सारे वाटून टाकू नये. एलव्हीएम वापरून काही हिस्सा राखून ठेवावा आणि गरजेप्रमाणे द्यावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६७ मधील आकस्मिकता निधीमागे हीच दृष्टी आहे. २०२१ साली केंद्राचा हा निधी ५०० कोटींवरून ३०,००० कोटी रुपये करण्यात आला.

तिसरा, दुसरी प्रत कोठे? रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच इमानाने सर्व डिस्कवरून पुसतो. प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, आणि ती उतरवून पाहण्याची तारीखही ठरलेली हवी.

अर्थात, राखीव जागा पाहून लेखापरीक्षणात 'साधनाचा अपुरा वापर' असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर खरेदीच्या वेळीच फाइलवर लिहून ठेवावे. रिकामी जागा ही उधळपट्टी नव्हे, ती तरतूद आहे. वाचकहो, आपल्या कार्यालयातील सर्व्हरवर अशी तरतूद आहे का, हे एकदा विचारून पाहावे.