नाईस

आमच्याकडे पाहुणे आले की बशीत साखर पेरलेली चौकोनी बिस्किटं यायची. प्रत्येकावर चार उठावदार रोमन अक्षरं. पाचवीत एबीसीडी सुरू झाली तेव्हा ती अक्षरं जुळवून मी मोठ्यांदा वाचलं, ‘निसे’. दादाने ‘नाईस’ असं दुरुस्त केलं आणि शिकवणीची फी म्हणून माझी दोन बिस्किटं उचलली. चहात बुडवलं की आधी साखर विरघळायची, मग अक्षरं फुगायची; जरा रेंगाळलं की अर्धं नाईस कपाच्या तळाशी.

कॉलेजात या शब्दाने तोंडघशी पाडलं. उताऱ्यात ‘नाईस डिस्टिंक्शन’ होतं, मी ‘छान फरक’ असं लिहून मोकळा झालो. सरांनी लाल गोल केला: ‘बारीक, सूक्ष्म फरक’. चिडून ग्रंथालयातला जाडजूड कोश काढला, तर भलतंच हाती लागलं. मूळ लॅटिन ‘नेस्किउस’. त्यातला ‘ने’ म्हणजे आपल्या ‘न’चाच भाऊबंद, आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. म्हणजे चक्क आपला ‘नेणता’! त्याच ‘स्किरे’च्या घरातून पुढे सायन्स निघालं, हे तर वाचून हसूच आलं.

फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास हा नेणता इंग्रजीत आला तो मूर्ख म्हणूनच. पुढे तो लाजाळू झाला, नखरेल झाला, चोखंदळ झाला, काटेकोर झाला. (आपला चिकित्सक नाही का, रोग्याची नाडी सोडून भाजीतलं मीठ तपासत बसला?) सरांचा ‘बारीक’ अर्थ त्या काटेकोरपणातला. ‘छान’ हा अर्थ त्याला चिकटला अठराव्या शतकात, आणि मग तो कशालाही चालू लागला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त, म्हणजे १८१७ च्या अखेरीस छापलेल्या कादंबरीत, नायक याच शब्दावरून नायिकेची थट्टा करतो.

थट्टा माझीही व्हायला हवी होती. ऑफिसात कुणाचा अहवाल चाळून, लग्नात न आवडलेली साडी पाहून, मी आयुष्यभर ‘नाईस’ म्हणत आलो. ‘बरं आहे’ म्हटलं की समोरचा ‘का, काय झालं?’ विचारतो. ‘नाईस’वर कुणी काही विचारत नाही.

परवा भाचीने तिची पहिली कथा व्हॉट्सॲपवर पाठवली. मी लगेच ‘नाईस’ टाकलं. तिचं उत्तर आलं, ‘‘मामा, बारा पानं? दोन मिनिटांत?’’

मी चष्मा शोधायला उठलो.