चांगला पगार घेणारा गुलाम

वर्षाला ९०,००० डॉलर घेणारा माणूस गुलाम कसा? १९७० साली अमेरिकेत कर्ट फ्लडला हाच सवाल केला गेला. आम्हाला तो नवा नाही. आमच्यातला एखादा नोकरीला लागला, त्याने फ्लॅट घेतला, की 'आता तुम्हाला काय कमी आहे?' असे विचारणारे ऑफिसात रोज भेटतात. म्हणून बेसबॉलमधले ओ की ठो कळत नसतानाही आम्ही फ्लडची गोष्ट सांगत असतो.

फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा कृष्णवर्णीय खेळाडू. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार त्याला १९६३ पासून सलग ७ वर्षे मिळाला. १९६६ च्या अख्ख्या हंगामात त्याच्या हातून एकही चूक नाही! असा माणूस १९६९ मध्ये मालकाने, त्याला न विचारता, फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकला. करारातले कलमच तसे होते. खेळाडू एकदा ज्या संघाचा झाला, तो संघ सोडेपर्यंत त्याचाच. ज्यांच्या आज्याने महारकीचे वतन भोगले, म्हणजे खरे तर सोसले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फ्लड गेला नाही. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्याने २४ डिसेंबर १९६९ ला बेसबॉलच्या आयुक्ताला लिहून कळवले आणि कोर्ट गाठले. युनियनने खटल्याचा खर्च उचलला. जॅकी रॉबिन्सन आजारी असूनही साक्षीला आला. पण तेव्हा मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला उभा राहिला नाही. मालक नाराज होईल, जागा जाईल! ही भीती आमच्या ओळखीची आहे. मोर्चाच्या दिवशीच नेमके आजारी पडणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिलेत.

जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तोवर फ्लडचा खेळ संपला होता. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तो जेमतेम १३ सामने खेळला. मग दारू, कर्ज, देश सोडून स्पेनमधले मायोर्का बेट.

१९७५ च्या अखेरीस दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ते कलम मोडून काढले. न आलेल्यांचेही पगार वाढले. १९९८ साली अमेरिकी संसदेने फ्लडच्या नावाने कायदा केला. फ्लड १९९७ च्या जानेवारीतच गेला होता. वय ५९.