घरबसल्या सारथी

मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली की पूर्वी बापाला स्थळांची काळजी लागत असे. हल्ली ती लायसन्सची लागते. दोन्ही प्रकरणांत कागद तेच : जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि बरा दिसेल असा एक फोटो. दोन्हींत मध्यस्थ आपणहून घर शोधत येतात. आणि दोन्हींत सगळे ठरवून झाल्यावर शेवटी मुलीला विचारतात.

आमच्या कन्येने कोणी विचारायची वाट पाहिली नाही. बारावी झाली, कॉलेज मिळाले ते शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि आम्ही राहतो बेसाला. बेसा म्हणजे नागपूरची दक्षिण सरहद्द. आम्ही इथे प्लॉट घेतला तेव्हा मानेवाड्याच्या पुढे यायला रिक्षावाला राजी नसे आणि महालातले आमचे नातेवाईक भेटीला येताना घरून डबा बांधून आणत. आता इथे जिकडे पाहावे तिकडे इमारती उठल्या, स्वामी समर्थांच्या देवळाशी गुरुवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, पण महालातली मंडळी अजून दारातच म्हणतात, "अरे बाप्पा, किती दूर राहून राहिले तुम्ही!"

तेव्हा गाडी हवी. घरात स्कूटर एकच. बिनगिअरची, एकशेदहा सीसीची, सौ. आणि मी यांच्यात तारीख-वार वाटलेली. तिच्यावर कन्येचा डोळा दोन वर्षांपासून होता. सोळावे पूर्ण झाले त्याच आठवड्यात तिने मोटार वाहन कायदा, १९८८ यातले चौथे कलम माझ्यासमोर ठेवले होते. सोळा वर्षांच्या मुलामुलींना पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, असे त्यात खरोखरच लिहिले आहे. मी म्हटले, "अवश्य. पन्नास सीसीची गाडी तेवढी शोधून आण." हा कायदा झाला तेव्हा रस्त्यावर लूना होती. १९७२ साली आलेली, पन्नास सीसीची, चढावर पॅडल मारून मदत मागणारी. माझ्या वडिलांकडेही होती. आता शोरूममध्ये पन्नास सीसी मागितली, तर सेल्समन आपल्याकडे आजोबा हरवल्यासारखा बघतो. कायद्याने मुलांना दार उघडून दिले आहे, आतली खोली तेवढी पाडली आहे.

मग निघाली विजेची गाडी. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी आणि २५० वॉटच्या आतली विजेची दुचाकी ही नियमांच्या लेखी मोटार वाहनच नव्हे. तिला लायसन्स नको. मला ही कल्पना फार आवडली. जी गाडी गाडीच नाही, तिला अपघात तरी कसा होणार? कन्येने शेजारच्यांची एक चालवून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, याच्यापेक्षा माझी सायकल लवकर पोचते." त्यावर दोन वर्षे सायकल चालली.

मधल्या काळात स्कूटरची किल्ली मी उशाखाली ठेवली होती, असे आमच्या सौ. सांगतात. ते खरे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात १९९-अ नावाचे एक कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी; तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आमच्या शाखेत चहाच्या वेळी मी हे कलम मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा तीन जणांनी घाईघाईने खिसे चाचपून किल्ल्या आपल्याजवळच आहेत ना, याची खात्री करून घेतली. (२०१४ साली देशाचे रस्ते वाहतूक खाते नागपूरच्या नितीन गडकरींकडे आले, तेव्हापासून प्रत्येक नागपूरकर स्वतःला त्या खात्याचा सचिव समजतो. त्यामुळे अशा वाचनाला आमच्याकडे श्रोते मिळतात.)

असो. अठरा पूर्ण झाली आणि प्रश्न आला, शिकायचे कुठे? घरात दोन पक्ष पडले. कन्या घरबसल्या पक्षाची, सौ. ड्रायव्हिंग स्कूल पक्षाच्या. मला अध्यक्ष केले. म्हणजे मत नाही आणि चहा पोचवायचा.

घरबसल्या पक्षाचे म्हणणे असे, की जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरूनच देता येते. आधार क्रमांक द्या, चेहरा दाखवा, रस्ता-सुरक्षेची एक चित्रफीत पाहा, पंधरा प्रश्न सोडवा, त्यातले नऊ बरोबर आले की लायसन्स छापून घ्या. आरटीओचे तोंडही पाहायला नको. ज्या सरकारी संकेतस्थळावर हे चालते त्याचे नावच 'सारथी'.

नाव ऐकून मला महाभारत आठवले. गीता दोघांनी ऐकली. अर्जुनाने रथात बसून, शंखांच्या गदारोळात, समोर सैन्य दिसत असताना. आणि धृतराष्ट्राने घरबसल्या, संजयाकडून, ऑनलाइन. शब्द तेच. कोणाला किती उपयोग झाला हे आपण जाणतोच. आणि तो विराटाचा राजपुत्र उत्तर! घरात बायकामुलींपुढे काय त्याच्या गप्पा! सारथी मिळू दे, एकटा कौरवांना लोळवतो म्हणाला. प्रत्यक्ष सैन्य दिसले तेव्हा रथातून उडी टाकून पळत सुटला. हे मी कन्येला रंगवून सांगितले. तिने शांतपणे विचारले, "पण बाबा, मग त्याच उत्तरने अर्जुनाचा रथ हाकला ना?" हाकला, आणि चांगला हाकला. माझा दृष्टान्त माझ्याच अंगावर आला. पोरांना पुराणे वाचायला देऊ नयेत.

कारकून म्हणून माझी हरकत निराळीच होती. पंधरापैकी नऊ, म्हणजे सहा चुका माफ. आमच्या काउंटरवर पंधरा नोंदींत सहा चुकवून पाहा, सातवी नोंद चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावर होईल. शंभर रुपयांचे व्हाउचरसुद्धा एकाने लिहून दुसऱ्याने पास केल्याशिवाय बँकेत पुढे सरकत नाही. इथे अठरा वर्षांची मुलगी एकशेदहा सीसीची गाडी घेऊन रस्त्यावर येणार, आणि पास कोण करणार? आमच्या डायनिंग टेबलवरचा संगणक.

प्रश्न मात्र चांगले असतात हो, हे कबूल. पांढरी काठी घेतलेला अंध माणूस रस्ता ओलांडत असेल, तर ती काठी म्हणजेच थांबण्याची खूण समजावी. अरुंद पुलावर समोरून गाडी शिरली असेल तर ती बाहेर पडेपर्यंत थांबावे. जनावरे हाकणाऱ्याने जनावर बिथरेल म्हणून थांबायची विनंती केली, तर थांबावे. किती सुसंस्कृत जग आहे ते! आमच्या बेसा रोडवर जनावरे असतात; हाकणारा नसतो. गाय रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली असते आणि कोणाला काही विनंती करत नाही. त्याचे उत्तर पर्यायांत कुठेच नाही.

सौ.च्या आग्रहाने एका ड्रायव्हिंग स्कूललाही जाऊन आलो. जाण्यापूर्वी नियम वाचून गेलो, ही खोड जुनी. केंद्रीय नियमांप्रमाणे अशा शाळेत फळा हवा, सिग्नलचे तक्ते हवेत, इंजिनाच्या भागांची चित्रे हवीत, बाके हवीत, प्रथमोपचाराची पेटी हवी, इतकेच काय, पंक्चर काढायचे सामानही हवे. अभ्यासक्रम निदान एकवीस दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे निदान दहा तास. (२०२१ पासून मान्यताप्राप्त मोठ्या केंद्रांचेही नियम झाले आहेत, तिथे मोटारीसाठी एकोणतीस तास, आठ वर्गातले आणि एकवीस गाडीतले.) या शाळेत फळा होता. त्यावर फिया लिहिल्या होत्या.

"थिअरी केव्हा होते?" मी विचारले.

"थिअरी गाडीतच चालू राहते ना सर. पोट्टे क्लच सोडून राहिले का नाही, ते सांगता सांगता थिअरी होऊनच जाते."

"आणि स्कूटर?"

गृहस्थ हसले. "स्कूटर कोण शिकवते सर? ते तर घरीच येऊन जाते."

या एका वाक्यावर माझी त्या रात्रीची झोप गेली. मोटारीला शाळा आहे, तक्ता आहे, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे. ऑनलाइनला चित्रफीत आहे. आणि ज्या वाहनावर आमच्या गल्लीतली सगळी मुले कॉलेजात जातात, ते मात्र 'येऊन जाते', गोवर-कांजिण्यांसारखे. लहानपणी मी तिला धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये नेत असे, तेवढेच काय ते तिचे रीतसर शिक्षण. तिथे तिने सिग्नल ओळखायला शिकले, हे खरे. पण तिथे टिप्पर नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी घरी सांगितलेली नाही. गेल्या वर्षी काउंटरवर एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे. मुलाचे खाते बंद करायचे होते. मी सवयीने म्हटले, "त्यालाच पाठवा, सही लागेल." त्यांनी पिशवीतून दाखला काढून काचेखालून सरकवला. वय वर्षे एकोणीस. "गाडी," एवढेच म्हणाले. खात्यात सातशे बारा रुपये होते. मी फॉर्म भरून दिला, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या केल्या. ते गेले तेव्हा मागे रांग होती आणि पुढच्या बाईंना पासबुक भरून हवे होते.

तर पक्ष कोणता घ्यावा, हे मला ना कन्येने पटवले ना सौ.नी. ते सुटले आमच्या मेहुण्याच्या फोनवरून. मेहुणा टेक्सासात असतो. त्याच्या मुलाला पंधराव्या वर्षीच शिकाऊ परवाना मिळाला. तिथेही म्हणे हाच वाद : वर्गात शिकावे, ऑनलाइन शिकावे, की आईबापांनीच शिकवावे. तिन्ही चालते. पण काहीही निवडा, मोठ्या माणसाने शेजारी बसून तीस तास गाडी चालवून घ्यायची आणि त्यातले दहा तास रात्रीचे, हे सुटत नाही. मेहुणा कण्हत म्हणाला, "भावजी, या तीस तासांत माझे केस गेले."

तीस तास! आपल्याकडे शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्याच्या परीक्षेसाठी निदान तीस दिवस थांबावेच लागते. तीस दिवस, तीस तास, रोजचा एक. हिशेब असा पहिल्या फटक्यात जुळला, की कारकुनाला देव भेटतो. मी अध्यक्षपदाचा राजीनामा देऊन निकाल जाहीर केला : परीक्षा घरबसल्या, मोटार पुढे सवडीने शाळेत, आणि स्कूटर तीस तास माझ्याबरोबर.

कन्येला पंधरापैकी तेरा मिळाले. चुकलेल्या दोनांतला एक जनावरांचा होता. लाल अक्षरातला एल आम्ही पुढेमागे चिकटवला, सौ.नी त्याला हळदीकुंकू वाहिले.

शिकाऊ माणसाच्या मागे दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय कोणी बसायचे नाही, असा नियम आहे. तो नियम करणारा कधी मागे बसला नसावा. मागे बसणाऱ्याला हँडल नाही, ब्रेक नाही, फक्त मत असते. पहिले आठ दिवस मी फुटरेस्ट इतक्या जोराने दाबले, की पोटऱ्या दुखू लागल्या. बेसाची एक सोय अशी, की इथे ले-आउट आधी पडतात आणि घरे मागाहून येतात. त्यामुळे घोगलीकडे जाताना अजूनही काही रिकामे डांबरी रस्ते सापडतात. त्यांवर ती आठचा आकडा काढायला शिकली. (मुख्य रस्त्यावर तो खड्डे चुकवताना आपोआप निघतो.)

दहाव्या तासाला गल्लीतले काका फाटकापाशी भेटले. तीस वर्षे एसटी चालवून निवृत्त झालेले, आता स्वतः फक्त पायी चालतात. म्हणाले, "भाऊ, तुम्ही मांगून ओरडून राहिले, त्यानं पोट्टी घाबरते. चूप बसा." मग कन्येला म्हणाले, "बेटा, समोरच्याचं इंडिकेटर नको पाहू. त्याचं समोरचं चाक पाह्य. इंडिकेटर खोटं बोलते, चाक नाही बोलत. अन् टिप्पर दिसला, तर त्याच्या आरशात आपल्याले ड्रायव्हरचं तोंड दिसून राहिलं का, ते पाहाचं. नसन दिसत, तर त्याले तू बी नाही दिसत."

एवढे कोणत्याही तक्त्यावर नव्हते आणि चित्रफितीतही नव्हते. त्या दिवसापासून मी मागे गप्प बसतो, आणि ती चालवताना स्वतःशीच पुटपुटते : "चाक... चाक... तोंड दिसलं..." परवा मानेवाड्याच्या अलीकडे डावीकडून एक टिप्पर वळला. मला काही सुचायच्या आधी गाडी हळू होऊन कडेला थांबली होती. टिप्पर गेला. ती म्हणाली, "त्याचं तोंड नव्हतं दिसत." मी फक्त घड्याळ पाहिले आणि वेळ लिहून घेतली.

वही मी बँकेच्या पद्धतीनेच ठेवली आहे : तारीख, वेळ, रस्ता, तास, शिल्लक. तिने भरायचे, मी तपासून सही करायची. कालअखेर एकवीस तास चाळीस मिनिटे जमा आहेत. बाकीचे सगळे रात्रीचे. म्हणून आज जेवणे लवकर आटोपायची आहेत.