मिठाची पोती

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांचं मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर दूर गेलेलं होतं. रामदेवरायानं गडाचा आसरा घेतला. गड अजिंक्यच होता, पण घाईघाईनं वर चढवलेली पोती धान्याची नव्हती, मिठाची निघाली, असं सांगतात. तह झाला. खिलजी सोनं, मोती, रेशीम लादून परतला आणि त्या पैशाच्या जोरावर त्याच वर्षी दिल्लीच्या तख्तावर बसला. संपत्तीसाठी केलेली स्वारी परवडते, याचा असा रोकडा पुरावा आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवर उभा आहे. तेलासाठी युद्ध करायला हरकत नाही असं मानणाऱ्यांच्या मनात हाच हिशेब असतो: अंगात बळ आहे, विहिरी ताब्यात घ्या, खर्च आपोआप भरून निघेल. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. त्यातला अधर्म तर उघड आहे, पण इथे मी जमाखर्चापुरतंच बोलतो.

सोनं एकदा उंटावर लादलं की काम झालं. तेलाचं तसं नाही. ते रोज उपसावं लागतं, शेकडो मैलांच्या नळातून बंदरावर न्यावं लागतं, जहाजात भरावं लागतं, शुद्ध करावं लागतं, आणि या वाटेवरचा एक सांधा निखळला तरी विहीर असून नसल्यासारखी. म्हणजे तेल हवं असेल तर लुटून निघून जाता येत नाही, तिथं राहावं लागतं. राहायला आलेल्याचं काय होतं, तेही आमच्याच जिल्ह्यात दिसतं. औरंगजेबानं 1686 मध्ये विजापूर घेतलं, 1687 मध्ये हिऱ्यांचा गोवळकोंडा घेतला, आणि तरीही त्याचा खजिना रिता होत गेला. जिंकलेल्या मुलखाचा वसूल हाती येईना, कारण मुलूख शांत होईना. 1707 मध्ये तो दख्खनमध्येच मेला. खुलताबादची साधी कबर पंचवीस वर्षांच्या त्या मोहिमेनंतरची आहे. जपानची गत वेगळी नव्हती. 1941 मध्ये अमेरिकेनं तेल तोडलं, म्हणून जपाननं युद्ध पुकारलं आणि फेब्रुवारी 1942 मध्ये सुमात्रातलं पालेमबांग जिंकलंही. विहिरी हाती आल्या, तेल निघू लागलं. पण ते घरी नेणारी जहाजं अमेरिकेच्या पाणबुड्यांनी एकेक करून बुडवली. 1991 मध्ये कुवेतमधून माघार घेताना इराकी सैन्यानं सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. शेवटची आग विझायला नोव्हेंबर उजाडला. ज्या वस्तूसाठी लढायचं ती लढाईतच जळते, आणि खर्चाचा कागद तेवढा उरतो.

हा खर्च लढणाऱ्यांपुरता राहत नाही. कुवेतच्या त्या युद्धात आपण कुठंच नव्हतो. तरी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं, तेलाचे भाव भडकले, आधीच खंगलेली परकीय गंगाजळी आटली आणि 1991 मध्ये देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. आपलं पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. त्यामुळे होर्मुझच्या सामुद्रधुनीत ठिणगी पडली की झळ वाळूजच्या कारखान्याला लागते, प्लास्टिकच्या दाण्याला लागते, ठिबकच्या नळीला लागते. युद्ध लांबच राहू द्या. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी फक्त संप केला होता. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोबाहेर टँकर उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. लोक दुचाकीची टाकी भरून पुन्हा बाटल्या पुढे करत होते. डेपोत तेल होतं, नव्हती ती वाट.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: उद्या कुणी ती वाटच अडवली, तर हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. जून 2019 मध्ये ओमानच्या आखातात टँकरांवर हल्ले झाले, तेव्हा भारतीय नौदलानं ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू करून आपल्या जहाजांना सोबत दिली. वाट राखणं आणि विहीर बळकावणं या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत. पहिलीत आपण कुणाच्या दारात ठाण मांडत नाही, आणि ज्यांच्याकडून तेल घ्यायचं त्यांना शत्रूही करत नाही. दुसरा आक्षेप असा की तेलाला पर्याय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या इथेनॉल आणि वीज यांच्या जोरावर इतकी मोठी गरज भागणार नाही. तेही खरं आहे. त्यातही मराठवाड्यानं इथेनॉलसाठी ऊस वाढवायचा म्हणजे नाथसागर जलाशयाचं पाणी पेट्रोलच्या टाकीत ओतण्यासारखं आहे, आणि मला ते पटत नाही. पण गरज थोडी जरी उतरली तरी धोका तेवढा उतरतो, आणि त्यासाठी कुणाचा जीव जात नाही. उरलेल्या गरजेसाठी साठा हवा. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथल्या खडकात कोरलेल्या भुयारांत मिळून 53 लाख टन कच्चं तेल मावतं. भुयारं काठोकाठ भरली तरी ते देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल. तेल कंपन्यांचा साठा त्यात धरलेला नाही, हे मान्य. तरी सरकारी खर्चाची चर्चा निघते तेव्हा रणगाड्यांइतकंच या भुयारांबद्दल विचारायला हवं: किती भरली आहेत, नवी केव्हा होणार, आणि त्यातलं तेल पानेवाडीपर्यंत किती दिवसांत पोचेल.